दोन तासांनंतर

दूधवाल्याच्या हिशोबाची वही होती, अर्धी कोरी.
तिच्यात आता मी ह्यांचं रक्त लिहिते.
डावीकडे उपाशीपोटी,
उजवीकडे जेवणानंतर दोन तासांनी,
आणि मधल्या बारीक रकान्यात काय खाल्लं ते.
वही काढली की ह्यांचा चेहरा
मधल्याच स्टॉपला तिकीट तपासनीस चढल्यासारखा.

तेहतीस वर्षं कंडक्टर. वडाळा डेपो.
स्प्लिट ड्युटी म्हणजे पोटाचेही दोन तुकडे.
पहाटे चहा-खारी, मग एकदम साडेतीनला डबा, गार,
रात्री अकराला भाताचा डोंगर
आणि त्याच्याच पायथ्याशी झोप.
मीच वाढायचे. दमून आलात, अजून घ्या, म्हणायचे.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

आता साडेसातला पानं.
शेजारच्या घरात तेव्हा कुकरची शिट्टीसुद्धा नसते.
आधी काकडी, मग मुगाची उसळ,
भाकरी शेवटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी,
एकच.
मग नायगावच्या ह्या गॅलरीत
चपलांच्या रॅकपासून तुळशीच्या डब्यापर्यंत
अठ्ठावीस फेऱ्या.
वाटेत कुणाची पोरं बसलेली असली
तर अजून तोंडातून निघतं, पुढे सरका, पुढे सरका.

तीच भाकरी, त्याच पिठाची, त्याच तव्यावरची.
साडेसातला खाल्ली तर एकशे बावन्न.
नातीच्या वाढदिवसाला दहा वाजले, तर एकशे नव्वद.
मला वाटायचं, भाकरी ती भाकरी.
तिलाही घड्याळ कळतं.

आणि कधी रात्रभर तोंडात काही नाही
तरी सकाळी आकडा चढलेला.
डॉक्टर वाघधरे म्हणाल्या,
पहाटे यकृत आपणहून साखर सोडतं,
उठायची तयारी म्हणून.
म्हणजे ह्यांची पहिली पाळी सुटलेलीच नाही.
पावणेचारला आतलं कुणीतरी उठून
अजून डेपोत हजेरी लावून येतं.

परवाच्या गुरुवारी
बाराला अर्धी नाचणीची भाकरी, पडवळाची भाजी, ताक.
मी स्वतः वाढलेलं.
पेन्शनचं काम आहे म्हणून गेले, अडीचला परतले.
दोनशे चौऱ्याहत्तर.

मशीन बिघडलं असेल, म्हणाले.
हात धुवायला लावले. दुसरं बोट. दुसरी पट्टी,
बावीस रुपयांची.
दोनशे एकाहत्तर.

खुर्चीत बसले. टोपी नव्हती डोक्यावर, तरी काढल्यासारखा हात केला.
"शालननं शिकरण केलं होतं."

ह्या घरात ते नाव
अकरा वर्षांनी ऐकलं मी.
खेतवाडीच्या खोलीची भाडेपावती कुणाच्या नावावर,
एवढ्यावरून दोन भाऊ
एकमेकांच्या सुतकालाही गेले नव्हते.

"गजा वाटी पुढ्यात ठेवून बघत बसला.
वेलची घातली होती, आई घालायची तशी.
नको कसं म्हणू?"
थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत,
"त्यालाही आहे. गोळ्या दोन वेळा.
जेवतो मात्र कधीही. कोण सांगणार त्याला."

मी रागवायला तोंड उघडलं होतं,
ते तसंच राहिलं.
इतकी वर्षं ह्यांच्या मनातलं
मला कधी नीट विचारता आलं नाही,
आणि एका थेंबानं सांगून टाकलं.

मधल्या रकान्यात लिहिलं, शिकरण, एक वाटी, खेतवाडी.
मग म्हटलं, उठा, आज चाळीस फेऱ्या.
आणि रविवारी त्यांना बोलवा जेवायला.
साडेसातला म्हणजे साडेसातला.
शालनला सांगा, हात हलवत ये, गोडाचं काही आणू नको.

हे गॅलरीत गेले.
मी वहीत आणखी एक उभी रेघ मारली,
वर लिहिलं, गजाभाऊ.
पट्ट्या मोजल्या. नऊ उरल्यात.
पुरतील.